खाडीपलीकडे एक दिवस

'काखेंत कळसा आणि गांवाला वळसा' ही म्हण आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांस अनेकदां शिकविली आहे. परंतु ती आम्हांसच लागू पडते हें कबूल करावयास आम्हांस वीस वर्षें लागलीं. भाईंदरच्या धक्क्यावर उभें राहिलें असतां पलीकडच्या तीरावर झाडीची एक हिरवी रेघ दिसते. तीच वसईच्या किल्ल्याची बाजू. सुटीच्या दिवशीं सायंकाळीं आम्ही उभयतां त्या धक्क्यावर वारा खावयास जातों, त्या रेघेकडे पाहतों, 'एकदां जाऊन आलें पाहिजे' असें म्हणतों, आणि परत येतांना भाजी घेऊन घरीं येतों. या वीस वर्षांत आमचें म्हैसूर पाहून झालें, केरळ पाहून झालें, नगरास तर दरवर्षीं जाणें होतें. परंतु साडेतीन किलोमीटर पाणी ओलांडणें कांहीं घडलें नाहीं. सडकेनें जावें तर हीच वाट पस्तीस किलोमीटरांच्या घरांत जाते. आगगाडीनें वसई रोड दोनच स्टेशनें दूर, हें खरें. पण सकाळच्या व सायंकाळच्या गाड्यांची गर्दी ज्यानें अनुभविली आहे तो माणूस सुटीच्या दिवशीं त्या दोन स्टेशनांचेंही नांव काढीत नाहीं. त्यांत सन २०१४ च्या ऑगस्टच्या १ तारखेस ठाणें जिल्ह्याचे दोन भाग होऊन पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून ती हिरवी रेघ परजिल्ह्यांत गेली आणि आमच्या आळसास आणखी एक सबब मिळाली.

तथापि या खेपेस जाण्याचें कारण वारा खाणें हें नव्हतें. तें कारण सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. पण ज्या मुलांसमोर तें घडलें तींच हा अंक वाचणार असल्यामुळें लपविण्यांत अर्थ नाहीं.

इयत्ता सातवीस आम्ही मराठ्यांचा इतिहास शिकवितों. वसईची मोहीम आम्ही मोठ्या आवेशानें सांगतों असा आमचा लौकिक आहे. सन १७३७ मध्यें साष्टींत मराठ्यांचा प्रवेश, घोडबंदरचा पाडाव, मग धारावीचा झगडा, सन १७३९ च्या फेब्रुवारींत वसईस पडलेला वेढा, ते सुरुंग, तीं खिंडारें, आणि मे महिन्यांत किल्ल्यावर चढलेला पांढरा बावटा, हें सारें आम्ही फळ्यावर नकाशा काढून सांगतों. घोडबंदर आणि धारावी हीं दोन्हीं ठिकाणें मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्याच हद्दींतलीं. (ही धारावी मुंबईंतली नव्हे, उत्तन-डोंगरीकडील धारावी बेट तें हें.) त्यामुळें मुलें कान टवकारून ऐकतात. त्या दिवशींही तास चांगला रंगला होता. तो संपत आला असतां मागच्या बाकावरील एक मुलगा उठून उभा राहिला. मुलगा उत्तनकडचा, कोळ्याच्या घरचा, ख्रिस्ती. एरवीं तो आपण होऊन तोंड उघडणारांपैकीं नव्हे. तो म्हणाला, "सर, या लढाईंत आपण कोणाच्या बाजूला होतों?"

आम्हीं विचारलें, "आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे आम्ही," तो म्हणाला.

तोंच पुढच्या बाकांवरून कोणीतरी हळूच म्हणालें, "फिरंग्यांच्या!" आणि वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला. हंसणारांस आम्हीं दटावलें, पण त्याच्या प्रश्नास उत्तर दिलें नाहीं. कारण तितक्यांत घंटा झाली, आणि खरें सांगावयाचें तर घंटा झाली म्हणून आम्हांस हायसें वाटलें. वीस वर्षांच्या नोकरींत घंटेनें आमची अब्रू पुष्कळदां राखली आहे. पण त्या दिवशीं राखलेली अब्रू घरापर्यंत पुरली नाहीं.

रात्रीं जेवतांना हा प्रसंग आम्हीं सौ.स सांगितला. ती दवाखान्यांत परिचारिका आहे. रोग्याचें अर्धें बोलणें ऐकून उरलेलें ओळखण्याची तिला संवय. आम्ही म्हटलें, "मी तरी त्याला काय सांगणार? आपले पूर्वज नगरकडचे. सन १८७७ च्या दुष्काळानंतर आपल्या घरांत ख्रिस्ती धर्म आला. सतराशें एकुणचाळीस सालीं आपण जिरायत नांगरीत असूं."

ती म्हणाली, "अहो, तो तुमच्या खापरपणजोबांबद्दल विचारीत नाहीं, स्वतःबद्दल विचारतो आहे. आणि ज्या किल्ल्याचा धडा तुम्ही एवढा रंगवून सांगतां, तो तुम्ही एकदां तरी पाहिला आहे का?"

या प्रश्नाच्या वेळीं मात्र घंटा झाली नाहीं.

पुढच्याच शनिवारीं तिची रजा व आमची सुटी एका दिवशीं आली. पोळ्या, बटाट्याची भाजी, चार पेरू व पाण्याच्या दोन बाटल्या एवढी शिदोरी घेऊन आम्ही सकाळीं धक्क्यावर गेलों. सन २०२४ च्या फेब्रुवारींत भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान मोठी नाव सुरू झाली; मोटारी, दुचाक्या व माणसें एकाच वेळीं पोटांत घेऊन ती खाडी ओलांडते. तिच्या कठड्याशीं आम्ही उभीं राहिलों. उजव्या हातास, दूर, रेल्वेचे पूल व त्यांच्यामधलें पाणजू बेट. डाव्या हातास खाडीचें तोंड रुंद होत होत समुद्रांत मिसळलेलें. आणि मागें, आमच्या बाजूस, धारावी बेटाची टेकडी. एका तीरावरचें गलबत दुसऱ्या तीरावरच्या तोफेच्या कसें डोळ्यांसमोर राहत असेल, आणि वसईस हात घालण्यापूर्वीं धारावी कां घ्यावी लागली, हें जें आम्ही आजवर खडूनें सांगत आलों तें त्या पंधरा-वीस मिनिटांत न सांगतां समजलें. सौ. मात्र मोजीत होती. उतरतांना ती म्हणाली, "डाळ शिजायला याहून वेळ लागतो. वीस वर्षें हो!"

वसईच्या किल्ल्याविषयीं शाळेच्या पुस्तकांत जें आहे तें येथें पुन्हा लिहिण्याचें कारण नाहीं. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें सन १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांनीं दोनशें वर्षांत तेथें तटाच्या आंत एक शहरच वसविलें. राजवाडे, मठ, रुग्णालय, शाळा, आणि इतकीं देवळें, कीं आज पडक्या स्थितींतही कोणतें कोणत्या पंथाचें हें ओळखतांना नवखा माणूस घोटाळतो. येशूसंघाच्या देवळाची दर्शनी भिंत व तिचे खांब अजून ताठ उभे आहेत. फ्रान्सिस्कन मठाच्या कमानींखालीं सांवली दाट आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याकडे हें सर्व आहे, म्हणून निदान गवत वेळच्या वेळीं कापलें जातें. आम्ही गेलों तेव्हां एका पडक्या कमानीखालीं एक नवरी मुलगी सात-आठ हात लांबीचा झगा भुईवर पसरून उभी होती, आणि चार छायाचित्रकार तिच्याभोंवतीं गुडघे टेकून बसले होते. दुरून आम्हांस तें एखादें भक्तीचें कृत्य वाटलें. लग्नापूर्वींच भग्नावशेषांत छायाचित्रें काढून घेण्याची ही जी नवी चाल पडली आहे तिचें मर्म आम्हांस कळलें नाहीं. सौ. म्हणाली, "पुढें काय होतें तें आधींच पाहून ठेवावें, म्हणून असेल."

संत जोसेफाचें मुख्य देवालय पाहून आम्ही बराच वेळ थांबलों. त्याचा घंटेचा मनोरा उंच आहे. दारावरील लेखावरून तें सन १६०१ मध्यें आर्चबिशप आलेशो द मेनेझिश याच्या काळांत पुन्हा बांधलें गेलें असें कळतें. वर छप्पर नाहीं, आकाश आहे. भुईवर कबरींच्या शिळा. कांहींवर ढालीची चिन्हें, कांहींवर अक्षरें, आणि कांहीं इतक्या झिजलेल्या कीं त्या शिळा आहेत कीं फरशी आहे हें पावसालाच ठाऊक. पोर्तुगीज भाषा आम्हांस येत नाहीं; पण निघण्यापूर्वीं चार शब्द पाठ करून घेतले होते. एका शिळेवर सौ.नें आपल्या पदरानें माती झाडली आणि बोट फिरवूं लागली. कोरलेल्यांतलें नांव गेलें होतें. 'सेपुल्तुरा' म्हणजे कबर, हा शब्द लागला; आणि शेवटचा शब्द 'एर्देइरोस' लागला.

"त्याचा अर्थ काय?"

"वारस. 'अमक्याची व त्याच्या वारसांची कबर', असें लिहिण्याची त्यांची पद्धत होती. ही जागा घराण्यासाठीं राखून ठेवली आहे, असा भाव."

ती बोट तसेंच ठेवून बसली. मग म्हणाली, "मग वारस कुठें गेले?"

"ते गेले. सन १७३९ सालीं."

"आणि राहिले ते कोण?"

या ठिकाणीं आम्हीं जें उत्तर दिलें तें एखाद्या परीक्षेच्या पुस्तकांतलें होतें. तरी तें खोटें नाहीं. पोर्तुगीज राज्य हें येथल्या रयतेस सुखाचें झालें असें कोणाही प्रामाणिक माणसास म्हणतां येणार नाहीं, मग तो कोणत्या धर्माचा कां असेना. देवळें पाडलीं गेलीं, उत्सवांस बंदी झाली, दडपणाखालीं धर्मांतरें झालीं. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारखीं माणसें पेशव्यांकडे धांव घेतीं झालीं तीं उगीच नव्हे. जो धर्म आम्हांस प्रिय आहे त्याच्या नांवानें हें झालें, हें वाचतांना आमची मान खालीं जाते, आणि ती खालीं जावी हेंच बरें. परंतु दुसरी गोष्टही तितकीच खरी, आणि ती आम्ही आवेशाच्या भरांत वर्गांत कधीं सांगितली नाहीं. तीन महिन्यांच्या वेढ्यांत हजारों माणसें गमावल्यावर चिमाजीआप्पांनीं जे तह केले ते सूडाचे नव्हते. किल्ल्यांतील शिबंदीस हत्यारांसह, नगारे वाजवीत, सन्मानानें बाहेर पडूं दिलें. रहिवाशांस आपापली चीजवस्त घेऊन जाण्याची मुभा दिली. आणि ज्यांस येथेंच राहावयाचें होतें, मग ते ख्रिस्ती असोत वा दुसरे, त्यांस आपापल्या धर्माप्रमाणें चालण्याची मोकळीक कराराच्या कलमांत घातली. म्हणजे जे राहिले ते चोरून राहिले नाहींत. कलमानें राहिले.

देवळांच्या घंटा मात्र गेल्या. विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनीं त्या नेल्या, आणि ठिकठिकाणच्या देवालयांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीस एक आहे, भीमाशंकरास एक आहे, आणि नाशिकास गोदावरीच्या कांठीं नारोशंकराची जी घंटा प्रसिद्ध आहे ती हीच. नारोशंकराची घंटा आम्हीं स्वतः पाहिली आहे. सौ.लाही तेव्हां दाखविली होती. आतां रिकाम्या मनोऱ्याखालीं उभी राहून ती वर पाहूं लागली. आम्हांस वाटलें, ती खेदानें कांहीं बोलेल. ती म्हणाली, "तेथें निदान वाजते तरी. येथें कबुतरांनीं काय केलें असतें?"

तटाकडे जातांना तिच्या चपलेचा अंगठा तुटला. किल्ल्यांतली वाट दगडांची व कांट्यांची. अनवाणी चालणें शक्य नव्हतें. आम्हीं आमच्या चपला देऊं केल्या, त्या तिच्या पायांत होडीसारख्या झाल्या. तशीच लंगडत ती किल्ला बंदराच्या बाजूस आली. तेथें कोळ्यांची वस्ती आहे. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते, आणि त्यांच्या खालीं एक वयस्क बाई जाळें विणीत बसली होती. गळ्यांत काळ्या दोऱ्यांत लहानसा क्रूस. तिनें सौ.च्या पायाकडे पाहिलें, हातांतलें काम खालीं ठेवलें, चप्पल ओढून घेतली, जाळ्याची जाड दोरी दाभणानें दोनदां आरपार काढून अशी घट्ट गांठ मारली कीं चांभारानें मान डोलवावी. आम्हीं पैसे पुढें केले तर ती रागावली. कोठून आलांत म्हणून विचारलें. भाईंदर म्हणतांच तिचा चेहरा खुलला. तिची धाकटी बहीण उत्तनला दिलेली होती, आणि पावसाळ्यापूर्वीं सुकें मासळें घेऊन ती स्वतः नेमानें तिकडे जात असे. खाडीच्या एका तीरावरची मुलगी दुसऱ्या तीरावर द्यावी ही चाल त्यांच्यांत फार जुनी असल्याचें तिनें सांगितलें.

तेव्हां आमच्यांतला शिक्षक राहवेना. त्या मुलाचा प्रश्न आम्हीं तिलाच विचारला. मराठे व फिरंगी यांची येथें मोठी लढाई झाली, तींत तुमची माणसें कोणाच्या बाजूला होतीं?

ती हंसली. "लढाई होती तरी रोज मासळी लागत असेलच ना? आमची माणसं होडीत असतील." मग जाळ्याकडे वळून म्हणाली, "दोघांनी पण पैसे बुडवले असतील."

हें उत्तर आमच्या कोणत्याही पुस्तकांत नाहीं. सौ. इतकी हंसली कीं तिला पेरू पुढें करून क्षमा मागावी लागली. दोन पेरू त्या बाईकडे राहिले, आणि मूठभर सुके बोंबील कागदांत बांधून आमच्या पिशवींत आले. त्यांचा वास पुढें दिवसभर आमच्याबरोबर हिंडला.

जेवण आम्हीं तटाच्या सांवलींत केलें. पाठ टेकली होती ती भिंत काळ्या दगडाची, चिरे मोठे, सांधे अजून बसलेले. पोळी खातां खातां आम्हीं सौ.ला सांगितलें, कीं वसईच्या या इमारतींस लागलेला दगड पुष्कळसा धारावी बेटावरील खाणींतून आला. ती खायची थांबली. "आपल्या धारावीच्या? डोंगरीच्या?"

"होय. होड्यांतून वाहून आणीत."

"मग दगड फोडले कोणीं? होड्यांत भरले कोणीं?"

आम्ही गप्प राहिलों. ती भिंतीवर तळहात ठेवून म्हणाली, "तुम्ही त्या पोराला कोणाच्या बाजूचें तें सांगत बसूं नका. त्याला म्हणावें, ही भिंत बघ. ही उभी केली तेव्हां तुझीं माणसें होतीं, पडली तेव्हांही होतीं, आणि पडल्यावर हिच्याखालीं जाळें विणीत आहेत. वारस वारस म्हणतात ते आणखी काय असतात?"

हें ऐकून आमच्या पदवीचा आम्हांस थोडा वेळ विसर पडला.

याच वसईंत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, पोर्तुगीज बाप व येथलीच आई यांच्या पोटीं गोन्सालो गार्सिया नांवाचा मुलगा जन्मला. येशूसंघाच्या पाद्र्यांपाशीं तो वाढला, जपानांत गेला, व्यापार केला, पुढें फ्रान्सिस्कन बंधू झाला. आणि सन १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारला गेला. सन १८६२ मध्यें रोमन मंडळीनें त्यास संत ठरविलें; भारतांत जन्मलेला पहिला संत तो. आम्ही त्या मंडळीचे नव्हों, तरी किल्ल्यांत त्याच्या नांवें जें देवालय आहे तेथें दोन मिनिटें बसलों. आईचें नांव कोठें लिहिलेलें सांपडत नाहीं, याची सौ.नें नोंद घेतली.

दुपारीं रिक्षा करून आम्ही नालासोपाऱ्यास निघालों. वाट वाडींतून जाते. केळी, पानवेली, चाफा. मधूनच एखादें जुनें कौलारू घर, दारासमोर क्रूस, आणि त्याला लागून तीन मजल्यांची नवी इमारत. या वाड्या राहाव्यात म्हणून सन १९८९ च्या सुमारास येथल्या लोकांनीं जी हरित वसईची चळवळ केली तिचे पुढारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ते याच तालुक्यांतल्या नंदाखालचे. 'सुवार्ता' मासिक त्यांनीं अनेक वर्षें चालविलें, आणि सन २०२० मध्यें धाराशिवास भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सन २०२४ च्या जुलैंत ते वारले. मराठीच्या तासाला 'आपण कोणाच्या बाजूला' असा प्रश्न कोणी विचारल्यास काय उत्तर द्यावें याची आम्हांस कधींच अडचण पडली नाहीं ती अशा माणसांमुळें. वाटेंत एका दुकानांत आम्हीं सुकेळीं घेतलीं. राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवून हीं करतात. चवीस खजुराच्या जवळ, किंमतीस मात्र खजुराच्या पुढें.

सोपाऱ्याचा स्तूप पाहून निराशा होते, हें आधींच सांगून ठेवावें. झाडांच्या छायेंत विटांचा एक ढीग, भोंवतीं कुंपण. लोक त्यास 'बुरूड राजाचा कोट' म्हणत असत. सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो खणला, तेव्हां मध्यभागीं दगडी पेटी निघाली. तींत तांब्याच्या करंड्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा, त्यांत सोन्याचा, आणि सोन्याच्या करंड्यांत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत अशी समजूत. सोन्याच्या आंत माती जपून ठेवणारे लोक या रानांत होऊन गेले, एवढें मनांत आणल्यावर तो ढीग ढीग राहत नाहीं. सोपारा त्या काळीं मोठें बंदर होतें. आमच्या पवित्र शास्त्रांत शलमोन राजाचीं जहाजें ओफीर देशाहून सोनें आणीत असें जें आहे, तें ओफीर म्हणजेच सोपारा, असा कांहीं पंडितांचा तर्क आहे. तो तर्कच आहे. तरी लहानपणीं रविवारच्या शाळेंत ऐकलेलें नांव नालासोपाऱ्याच्या रिक्षाथांब्यापाशीं आठवावें, याची गंमत वाटली.

अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथें सन १८८२ मध्यें, व नवव्याचा जवळच्या भुईगांवास सन १९५६ मध्यें सांपडला. नवव्या लेखांत राजा म्हणतो कीं, लोक आजारपणांत, लग्नांत, बाळंतपणांत नाना विधि करतात, विशेषतः बायका क्षुल्लक व निरर्थक विधि पुष्कळ करतात. परंतु खरा विधि म्हणजे दासांशीं व नोकरांशीं नीट वागणें, गुरुजनांचा मान राखणें, जीवांवर दया करणें. हें ऐकून सौ. म्हणाली, "बावीसशें वर्षांपूर्वींही बायकांना नांवें ठेवल्याशिवाय यांचा उपदेश सुरू होत नव्हता तर!" पण थोड्या वेळानें आपण होऊनच म्हणाली, "नोकरांचें बोलला तें मात्र खरें. आमच्या दवाखान्यांत भिंतीवर लावण्यासारखें आहे."

परतीस आगगाडी घेतली. सायंकाळीं मुंबईकडे जाणाऱ्या गाडींत बसावयास जागा मिळाली. नायगांव सुटल्यावर गाडी पुलावर आली, खालीं भरतीचें पाणी, मध्यें पाणजू बेट, पश्चिमेस सूर्य, आणि त्याखालीं तीच हिरवी रेघ, पण आतां आमच्या उजव्या हातास व ओळखीची. सौ.चा डोळा लागला होता. बोंबलांच्या वासामुळें समोरच्या बाकावरील गृहस्थांनीं दोनदां खिडकीकडे पाहिलें.

सोमवारीं सातवीच्या तासाला आम्हीं नवा धडा सुरू केला नाहीं. खाडी काढली, दोन्हीं तीर काढले, आणि मुलांस सांगितलें कीं गेल्या आठवड्यांत एक प्रश्न आम्हीं घंटेच्या आड लपून टाळला होता. मग शिळेवरचा तो शब्द, कराराचें तें कलम, धारावीचा दगड व जाळें विणणारी ती बाई, हें सारें जसें घडलें तसें सांगितलें, चपलेचेंही सांगितलें. दोघांनीं पैसे बुडविले असतील, येथें वर्ग हंसला, आणि या वेळीं तो मुलगाही हंसला. ज्यानें पुढच्या बाकावरून शब्द टाकला होता त्यानें हात वर करून विचारलें, "सर, मग माझीं माणसें कोठें होतीं?" त्याचें घराणें कोणतें, कोठून आलें, हें त्यालाही ठाऊक नव्हतें. घरीं विचारून ये, असें आम्हीं त्यास सांगितलें. बाकीच्या मुलांनींही आपापल्या घरीं विचारावें असें ठरलें; आणि पुढच्या आठवड्यांत जीं उत्तरें आलीं त्यांत कोकण, खानदेश, कच्छ, गोरखपूर, मंगळूर इतकीं ठिकाणें निघालीं कीं फळा पुरला नाहीं. उत्तनच्या मुलानें आणलेलें उत्तर सर्वांत आंखूड होतें. त्याच्या आजीनें सांगितलें होतें, कीं त्यांच्या घराची पायरी आहे ती धारावीच्या खाणींतल्या दगडाची.

नाताळच्या सुटीनंतर त्या वर्गास वसईस न्यावयाचें ठरलें आहे, नावेनेंच. पालकांच्या संमतिपत्रांपैकीं निम्मीं अजून यावयाचीं आहेत. ज्यांचीं राहिलीं असतील त्यांनीं तीं शुक्रवारपर्यंत द्यावीं. सौ.ही येणार म्हणते. तिच्या चपलेस ती जाळ्याची दोरी अजून तशीच आहे. चांभाराकडे देतों म्हटलें तर राहूं द्या म्हणते.